यंत्र शाबूत, नकाशा शिळा: जीपीएस कंपन्यांना पुण्यातून खुलं पत्र

प्रति,
हातात धरायची जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक आणि त्यांचे भारतातले वितरक यांस,

विषय: जुने नकाशे, बंद पडलेले अपडेट आणि त्यामुळे डोंगरात निर्माण होणारा धोका

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका गिर्यारोहण गटात मोहिमांची आखणी करण्याचं काम माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी काहींची यंत्रं आमच्या गटाच्या मालकीची आहेत, काही सभासदांनी स्वतःच्या पैशांनी घेतली आहेत. यंत्रं मजबूत आहेत, याबद्दल वाद नाही. कातळावर आपटली, ओढ्यात पडली, आषाढातल्या पावसात दिवसभर भिजली तरी चालतात. उपग्रहांचे संकेत पकडून जागा सांगण्याचं मूळ काम ती आजही चोख करतात. पण ती जागा ज्या नकाशावर दाखवली जाते तो नकाशा आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर तुम्ही वाऱ्यावर सोडलं आहे. यंत्र धडधाकट असताना ते विश्वास ठेवण्यालायक उरत नाही, आणि हे आम्हाला दुकानात कोणीही सांगत नाही.

वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणी धरणाचा जलाशय आहे. राजगडाकडे जाणाऱ्या कुणालाही तो दिसतो. आमच्या एका यंत्रातल्या नकाशात तिथे पाणीच नाही. एक ओढा, त्याच्या काठाने जाणारी गाडीवाट आणि दोन वस्त्यांची नावं एवढंच आहे. त्या यंत्रावर वाट आखायला सांगितली, की ते बिनदिक्कत धरणाच्या पोटातून रस्ता काढतं. दिवसा हे हसण्यावारी नेता येतं, पण रात्री, धुक्यात, ज्याने तो भाग कधी पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातात हे यंत्र असेल तर काय, याचा विचार करा.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं. पुनर्वसित गाव जवळच, आमडे गावाच्या हद्दीत उभं राहिलं. आमच्या यंत्रात माळीण आजही जुन्या जागी आहे, शाळेच्या खुणेसकट. त्या घटनेनंतर तुमच्याकडून 'नवीन' म्हणून विकत घेतलेल्या नकाशातही ते तसंच होतं. हे पाहून मला फार वाईट वाटलं. ज्या डोंगरउतारावर एवढी माणसं गेली, तो उतार घसरला आहे एवढी साधी दखलही त्या नकाशाने घेतली नव्हती. दरडीमुळे वाटा बदलतात, ओढ्यांचे काठ बदलतात, पूर्वीची मळलेली वाट एका पावसाळ्यात नाहीशी होते. सह्याद्रीत हे दर काही वर्षांनी घडतं. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळिये, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. नकाशा विकणाऱ्याने निदान अशा मोठ्या घटनांची नोंद घ्यावी, ही अपेक्षा जास्त नाही.

शहरातलं थोडक्यात सांगतो, कारण शहरात माणूस विचारून पुढे जाऊ शकतो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला, नवे उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल २०२० मध्येच पाडले होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. आमच्या यंत्रातलं पुणे या सगळ्याच्या आधीचं आहे. मुळशीकडे निघालेल्या गाडीला ते अजून चांदणी चौकातल्या पाडलेल्या पुलावर चढायला सांगतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नकाशा जुना असणं निदान डोळ्यांना दिसतं. सॉफ्टवेअर जुनं असण्याचा धोका दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

डिसेंबर २०२४ मध्ये आमची एक तुकडी तोरण्यावरून राजगडाकडे निघाली होती. बुधला माचीवरून उतरून धारेला लागलं, की पुढे बराच वेळ पाणी नाही आणि सावलीही फारशी नाही. संजीवनी माचीचा अळू दरवाजा उजेडात गाठायचा, असं सगळे ठरवून निघतात. तुकडीतल्या एका तरुण सभासदाने गटाचं जुनं यंत्र हातात घेऊन सांगितलं, "दादा, सूर्यास्त सहा छप्पनला आहे, भरपूर वेळ आहे. जेवायला थांबू." डिसेंबरच्या मध्यात पुण्याच्या परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे डोंगरात फिरणाऱ्याला ठाऊक असतं. पण तो नवखा होता आणि त्याने यंत्रावर विश्वास ठेवला, जो ठेवण्यासाठीच यंत्र घेतलेलं असतं. पडद्यावरची तारीख पाहिली तेव्हा उलगडा झाला. १५ डिसेंबर २०२४ ऐवजी तिथे १ मे २००५ होती. यंत्राने मे महिन्याचा सूर्यास्त काढून दाखवला होता. त्या धारेवर तो एक तास कुणालाही महागात पडू शकतो.

हे कशामुळे होतं ते तुम्हाला माहीत आहेच. वाचकांसाठी सांगतो. जीपीएसचे उपग्रह वर्ष-महिना-दिवस अशी तारीख पाठवत नाहीत, ते आठवड्याचा क्रमांक पाठवतात. ही मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली आणि मूळ संदेशात त्या क्रमांकासाठी फक्त दहा बिटांची जागा ठेवली होती. दहा बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. म्हणून १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. यंत्र बनवताना तुम्ही फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक आधाराची तारीख घालता, तिच्यापासून १०२४ आठवडे यंत्र तारीख बरोबर ओळखतं आणि नंतर एकदम साडेएकोणीस वर्षं मागे जातं. त्यामुळे प्रत्येक मॉडेलचा हा दिवस वेगळा असतो. तो दिवस तुम्ही स्वतः ठरवलेला असतो, म्हणजे तो कधी येणार हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

यात यंत्राच्या कुठल्याही भागाची झीज नाही. फर्मवेअरमधली एक संख्या बदलली की ते पुढचे १०२४ आठवडे बरोबर चालेल. तरीही आमच्या यंत्रासाठी तो बदल तुम्ही केला नाही, आणि 'या मॉडेलची तारीख अमुक दिवसानंतर चुकेल' अशी एक ओळीची सूचनाही आम्हाला कधी आली नाही. कुकरची रिंग मिळत नाही म्हणून चांगला कुकर भंगारात घालायला लावावा, तसं हे चाललं आहे.

त्यामानाने नव्या यंत्रांचीही कथा फार वेगळी नाही. एका सभासदाचं यंत्र घेऊन मी अपडेट करायला बसलो तेव्हाचा प्रसंग सांगतो. तुमचा अपडेटचा प्रोग्राम उघडला, तर तो म्हणाला की आधी माझी नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती घरच्या लॅपटॉपवरच्या विंडोजवर बसेना. शेजाऱ्यांकडचा नवा लॅपटॉप आणला, त्यावर प्रोग्राम बसला, पण त्याला यंत्र दिसेना. यंत्राला जुन्या पद्धतीची मिनी यूएसबी केबल लागते, ती लक्ष्मी रोडच्या आसपास शोधून आणली. मग यंत्र दिसलं. नकाशा उतरायला लागला, हिरवी पट्टी टोकाशी पोहोचली आणि तिथे संदेश आला: यंत्रात पुरेशी जागा नाही. संपूर्ण दक्षिण आशियाचा नकाशा एकाच फाइलमध्ये होता. महाराष्ट्र तेवढा निवडा, पुणे-रायगड-सातारा तेवढे निवडा, अशी सोय नव्हती. बाहेरचं कार्ड घातलं तर यंत्र दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखेना. मध्येच थांबलेल्या अपडेटमुळे जुना नकाशाही पुसला गेला होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "सर, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. एक्स्चेंज करा, नवीनवर सूट आहे." विकत घेतलेला नकाशा नव्या यंत्रात येईल का, असं विचारल्यावर कळलं, की नकाशाचा परवाना त्या एका यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असतो. यंत्र बदललं की नकाशा पुन्हा विकत घ्यायचा. ही अट दुकानात कुणी सांगत नाही आणि खोक्यावर ती शोधूनही सापडली नाही. हे सरळसरळ अन्यायाचं आहे. पैसे नकाशाचे घेतलेत, तर नकाशा ग्राहकाचा झाला पाहिजे.

नकाशातल्या उंचीच्या रेषांबद्दलही बोलायला हवं, कारण सह्याद्रीत वाट चुकण्यापेक्षा कडा न दिसणं जास्त घातक आहे. तुमच्या बऱ्याच यंत्रांतल्या समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवस केलेल्या रडार मोजणीवर बेतलेल्या आहेत. जगभरातल्या सपाट आणि मध्यम उताराच्या प्रदेशासाठी ती मोजणी उपयोगी आहे. पण रडार तिरकं बघतं, आणि आपल्या पश्चिमेकडच्या उभ्या कड्यांत त्याला कित्येक ठिकाणी काहीच दिसलं नाही. ती भोकं नंतर आजूबाजूच्या आकड्यांवरून भरली गेली. शिवाय मोजणीचा एक चौकोन बारकाईच्या प्रतीतही तीस मीटरचा, पूर्वीच्या प्रतीत नव्वद मीटरचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा सरळसोट कडा एवढ्या चौकोनात गुळगुळीत होतो आणि नकाशात तो जरा तीव्र उतार म्हणून येतो. बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, लिंगाणा किल्ल्याच्या बाजूला उतरणाऱ्यांनी यंत्राचा पडदा पाहावा. रायलिंग पठाराची कड कुठे संपते आणि नाळ कुठे सुरू होते, ते त्यावर कळतच नाही. मोहरी गावातला माणूस बरोबर घेतला तर तो डोळे मिटून दाखवेल, आणि आम्ही तसा माणूस घेतोच. पण यंत्राच्या जाहिरातीत तुम्ही 'घाटवाटांसाठी' असं लिहिता, तेव्हा त्या शब्दाची जबाबदारीही घ्या. यापेक्षा चांगली उंचीची माहिती आता उपलब्ध आहे. जर्मन उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेली तीस मीटरची प्रत युरोपने मोफत खुली केली आहे. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहावरून तयार झालेली प्रत इस्रोच्याच 'भुवन' या संकेतस्थळावर आहे. माहिती नसल्याचं कारण आता चालणार नाही.

कायद्याचं कारण तुमच्याकडून मी ऐकलं आहे. भारतात नकाशांवर निर्बंध आहेत, परवानग्या मिळत नाहीत, वगैरे. एकेकाळी त्यात तथ्य होतं. पण १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र पालटलं. आता आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यापेक्षा बारीक माहितीवरच परदेशी कंपन्यांना मर्यादा आहे. पायवाट, खिंड, पाण्याचं टाकं, धनगरवाडा दाखवायला एवढी बारकाई लागतच नाही. पाच मीटर इकडेतिकडे झालं तरी आमचं काम भागतं. धरण आहे की नाही, हे सांगायला तर मुळीच लागत नाही.

दुसरं उत्तर मिळतं ते म्हणजे, फोन वापरा. फोन आम्ही वापरतोच, आणि आधी नकाशा उतरवून ठेवला तर फोनचं जीपीएस रेंजशिवायही चालतं. पण जुलैतल्या पावसात ओल्या बोटांनी फोनचा पडदा ऐकत नाही. थंडीत आणि सततच्या वापरात बॅटरी दुपारीच मान टाकते. तुमच्या यंत्रात साधे पेन्सिल सेल घालून दुसऱ्या दिवशी पुढे निघता येतं, बटणं हातमोज्यांतूनही दाबता येतात, आणि भर उन्हात पडदा वाचता येतो. म्हणून तर शोध आणि बचाव करणारे स्वयंसेवक, वनखात्यातले कर्मचारी, भूशास्त्राचे विद्यार्थी अजून ही यंत्रं बाळगतात. तुमच्या यंत्राची गरज संपली असती तर मी हे पत्र लिहायला बसलोच नसतो.

बचावाचा विषय निघालाच आहे. डोंगरात कुणी अडकलं की महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरकडे फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, जागा कुठे. अडकलेला माणूस यंत्रावरचे आकडे वाचून सांगतो. तुमची बरीच यंत्रं मुळात अंश आणि दशांश मिनिटं दाखवतात, फोनवरचे नकाशे निव्वळ दशांश अंश, आणि जुन्या पद्धतीने शिकलेले लोक अंश-मिनिट-सेकंद धरून चालतात. १८ अंश १४.५० मिनिटं हा आकडा घाबरलेल्या आवाजात 'अठरा, चौदा, पन्नास' असा ऐकू येतो, आणि ऐकणारा तो १८ अंश १४ मिनिटं ५० सेकंद असा लिहून घेतो. फरक पडतो सहाशे मीटरच्या वर. सह्याद्रीत सहाशे मीटर म्हणजे कड्याच्या वर की कड्याच्या खाली, एवढा फरक. सॉफ्टवेअरमध्ये 'मदत' असं एक पान ठेवा, त्यावर तिन्ही पद्धतींतले आकडे एककांच्या पूर्ण नावांसकट मोठ्या अक्षरांत दाखवा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, एक अपडेट पुरतो.

आणि ती नावं देवनागरीतही हवीत. जिल्ह्यातल्या गावांतली कितीतरी तरुण मुलं आता वाटाड्याचं काम करतात, त्यांना या यंत्रांचा उपयोग होईल. पण देवनागरीत वेपॉइंट, म्हणजे वाटेवरच्या खुणेच्या जागेचं नाव, लिहून यंत्रात टाकला, की पडद्यावर चौकोनांची रांग येते, किंवा जोडाक्षरं फुटून वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. फोनमध्ये ही अडचण केव्हाच सुटली.

तुमच्या हाताबाहेरचं काही मी मागत नाही. जीपीएससारखीच जागा सांगणाऱ्या इस्रोच्या 'नाविक' उपग्रह प्रणालीचे संकेत जुन्या यंत्राने पकडावेत असा माझा आग्रह नाही. ते त्याच्या अँटेनाचं आणि चिपचं काम आहे, सॉफ्टवेअरने होणार नाही, हे आम्हाला समजतं. फक्त सॉफ्टवेअरने आणि नियम बदलून जे होऊ शकतं तेवढंच करा. नकाशा कोणत्या वर्षीच्या माहितीवरून केला आहे, ते खोक्यावर आणि यंत्र सुरू होताना पहिल्या पडद्यावर लिहा, निव्वळ विक्रीचं वर्ष नको. यंत्राला किती वर्षं अपडेट मिळतील आणि त्याची तारीख कोणत्या दिवशी मागे जाईल, ते विक्रीच्या वेळी लेखी द्या. विकत घेतलेला नकाशा त्याच मालकाच्या पुढच्या यंत्रात चालू द्या. राज्य किंवा जिल्हा निवडून नकाशा उतरवता येईल अशी सोय करा.

आणि ज्या मॉडेलची साथ तुम्ही सोडणार असाल, त्याचं शेवटचं फर्मवेअर तारखेची दुरुस्ती करून, कायमचं मोफत उपलब्ध ठेवा, आणि त्यात दुसऱ्यांनी बनवलेले नकाशे घालण्यावरच्या मर्यादा काढून टाका. ही मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच मिळून बनवलेला मोफत नकाशा २००४ पासून चालू आहे. पुण्यातले अनेक हौशी लोक रविवारी घाटवाटा चालून येतात आणि रात्री जेवण झाल्यावर बसून त्या वाटा, टाकी, खिंडी त्यावर चढवतात. पैसे घेत नाहीत. गुंजवणीचं पाणी त्यांच्या नकाशात आहे, नवा चांदणी चौक आहे. तुम्हाला नकाशा ताजा ठेवणं परवडत नसेल, तर निदान त्यांचा नकाशा आमच्या यंत्रात बसू द्या. आम्ही तो स्वतः भरू, स्वतः तपासू, आणि चूक सापडली की दुरुस्तही करू.

तुमच्याकडे दुरुस्त्या पाठवायलाही आम्ही तयार आहोत. यापूर्वी पाठवल्या आहेत, जीपीएक्स फाइल (चाललेल्या वाटेची नोंद) आणि फोटोंसकट. त्यावर 'आपला अभिप्राय मिळाला' एवढी आपोआप आलेली मेल सोडली तर काही हाती लागलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी, म्हणजे मेअखेरपर्यंत, तुमचा एखादा अधिकारी पुण्यात गिर्यारोहण गटांबरोबर बसणार असेल, तर जागेची आणि लोकांची व्यवस्था आम्ही करू. येताना ज्यांची साथ सुटली आहे अशा मॉडेलांची यादी आणि त्या प्रत्येकाची आधाराची तारीख तेवढी बरोबर आणा. या पत्राचं उत्तर खाजगी मेलवर नको, ते सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी द्या, कारण तीच यंत्रं हातात घेऊन आणखी पुष्कळ लोक याच डोंगरांत फिरत आहेत.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक गिर्यारोहक आणि आपला ग्राहक